शुक्रवारी ठरलं, शनिवारी समुद्र: लुशोटोहून पंगानी-उशोंगो

लुशोटो म्हणजे टांझानियाच्या उसांबारा डोंगरातलं गाव, साधारण चौदाशे मीटर उंचीवरचं. कोबी, बटाटा, प्लम आणि सकाळचं धुकं. मी तिथे शेतकऱ्यांच्या एका गटाच्या भाजीपाला रोपवाटिकेत आठ महिने व्हॉलंटियर होते. माझा जन्म रत्नागिरीचा. खारा वारा लागला नाही की तीन-चार आठवड्यांत मी चिडचिडी होते, हे घरच्यांना माहीत होतं. रोपवाटिकेतल्या लोकांना ते दुसऱ्या महिन्यात कळलं. तेव्हापासून शुक्रवारी दुपारी ट्रे भिजवून झाले की कुणीतरी विचारायचं, "दादा, पंगानी?" पंगानी हे समुद्रकाठचं गाव, आणि नदीपलीकडे उशोंगोची वाळू. स्वाहिलीत दादा म्हणजे ताई. काका म्हणजे भाऊ. आणि मामा म्हणजे आई. पहिला महिना या नात्यांच्या गोंधळातच जातो.

मी एकूण सहा वेळा गेले. पहिली खेप फसली, दुसरी अर्धी फसली. उसांबारात किंवा कोरोग्वे-मुहेझाकडे काम करत असाल आणि शनिवार-रविवारसाठी अचानक समुद्र गाठायचा असेल, तर त्या दोन खेपांचा उपयोग करून घ्या.

आधी झांझिबारचं. सगळ्यांच्या डोक्यात तेच असतं, पण दोन दिवसांत जाऊन यायची ती जागा नव्हे. दार-एस-सलामपर्यंत आख्खा दिवस बस, मग फेरीबोट, बेटावर उतरल्यावर पुन्हा पासपोर्ट तपासणी. शिवाय १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना तिथला ४४ डॉलरचा विमा घ्यावाच लागतो. त्यासाठी सलग आठवड्याची सुट्टी हवी. पंगानी मात्र एका डोंगरउतारावर, दोन बसवर आणि एका तरीवर आहे.

अचानक निघायचं असेल तर पिशवी आधीपासून भरलेली हवी. हे उलटं वाटेल, पण शुक्रवारी दोन वाजता ठरवून अडीचला निघायचं तर टॉर्च शोधायला वेळ नसतो. माझी पिशवी दारामागच्या खिळ्याला कायम टांगलेली असायची. त्यात दोन कांगा (तिथल्या बायका नेसतात ते छापील सुती कापड, टॉवेल, चादर, पडदा, ओढणी सगळं तेच), मच्छरदाणी, टॉर्च, मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल, डासांचं मलम, ओआरएसची पाकिटं, पासपोर्ट आणि तिथे राहण्याच्या परमिटची झेरॉक्स. व्हॉलंटियरला बहुधा क्लास सी परमिट असतं. मूळ कागद घरी ठेवा, झेरॉक्स जवळ बाळगा; वाटेत पोलिसांनी बस थांबवून विचारणं ही नेहमीची गोष्ट आहे. सामान प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत कोंबू नका. १ जून २०१९ पासून त्या देशात तिच्यावर बंदी आहे.

पैसे लुशोटोतच काढा. मी होते तेव्हा रुपयाला साधारण तीस शिलिंग पडायचे, त्यामुळे दहा हजारांची नोट बघून श्रीमंत वाटतं आणि तीच नोट बोडाबोडावाल्याला (भाड्याच्या मोटारसायकलवाल्याला) दिली की तो हताश होतो, कारण त्याच्याकडे 'चेंजी' नसते. हजार-दोन हजारांच्या नोटांची गड्डी वेगळी ठेवा. मोबाइलवरचे पैसे जवळजवळ सगळीकडे चालतात. पण उशोंगोच्या वाळूत रेंज जाते-येते, त्यावर सगळा भार टाकू नका.

निघण्यापूर्वी परवानगी. तिथला शब्द 'रुहुसा'. आपल्याकडच्या 'रुखसत'ची ही सख्खी बहीण असावी. समन्वयकाला नुसता मेसेज टाकून पळू नका, समोर जाऊन सांगा. कुठे जाणार, कुणाबरोबर, रविवारी कितीला परत. आणि ज्या घरात राहता तिथल्या मामाला सांगितल्याशिवाय तर निघूच नका. ती तुमच्या वाटणीचं जेवण झाकून जागी बसेल. ट्रेंना पाणी कोण घालणार हेही ठरवा. टोमॅटोची रोपं दोन दिवस तहानलेली राहिली की तिसऱ्या दिवशी माना टाकतात, त्यांना तुमच्या सुट्टीशी घेणंदेणं नसतं.

आता गोळ्यांबद्दल, कारण डोंगरात राहणारे इथेच चुकतात. लुशोटोला डास कमी, थंडी जास्त, म्हणून मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या बंद करून बसलेले बरेच जण मी पाहिले. खाली किनाऱ्यावर मलेरिया चांगलाच आहे. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलची गोळी असेल तर ती जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करावी लागते, रोज एक, आणि परतल्यावर आणखी सात दिवस. डॉक्सिसायक्लिनही एक-दोन दिवस आधी, पण परतल्यावर चार आठवडे. म्हणजे शुक्रवारी दुपारी मन झालं तर बुधवारीच गोळी सुरू झालेली हवी! यावर मी काढलेला उपाय साधा होता: डॉक्टरला विचारून पूर्ण आठ महिने गोळी चालूच ठेवली. माझी डॉक्सिसायक्लिन होती आणि तिने कातडी उन्हाला नाजूक होते, हे मी पाकिटावर वाचलं होतं आणि विसरले होते. होडीत तीन तास बसल्यावर नाकाचं आणि पावलांचं साल निघालं. लांब बाह्यांचा सुती शर्ट घालूनच पाण्यात उतरा, कोणी हसत नाही.

वाट अशी. लुशोटोच्या स्टँडवरून (तिथेही 'स्टेंडी'च म्हणतात) मोम्बोला उतरणाऱ्या गाड्या भरल्या की सुटतात. सातजणांच्या गाडीत अकराजण बसतात. त्यात तुम्ही बारावे असाल तर पुढच्या गाडीची वाट बघा, कारण तीसेक किलोमीटर नागमोडी घाट आहे आणि एका बाजूला दरी. मोम्बो हमरस्त्यावर आहे. तिथे टांगाकडे जाणारी बस थांबवायची, मग कोरोग्वे, सेगेरा, मुहेझा करत टांगा शहर. खिडकीतून मैलोन्‌मैल घायपात दिसेल. हे पीक इथलं नव्हे. १८९३ साली रिचर्ड हिंडोर्फ नावाच्या जर्मन शेतीतज्ज्ञाने फ्लोरिडातून रोपं मागवली आणि त्यातली फक्त ६२ जगली, असं सांगतात. रोपवाटिकेत काम करणाऱ्या माणसाला हा आकडा ऐकून पोटात कालवतं. त्या ६२ मधून एवढं रान झालं.

शुक्रवारी दुपारी निघालात तर रात्र टांगातच काढा. पुढे पंगानीपर्यंत पन्नासेक किलोमीटर आहेत, पण अंधारात तो रस्ता आणि नंतर तरीने नदी ओलांडणं, दोन्ही नकोत. विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपास बुडतो आणि संधिप्रकाश म्हणून रेंगाळत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. स्टँडजवळच्या 'गेस्टी'त खोली मिळते. आत जाऊन पंखा आणि मच्छरदाणीची भोकं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि आता घड्याळ. स्वाहिली दिवस सकाळी सहाला सुरू होतो. सात वाजले की 'सा मोजा', म्हणजे पहिला तास. आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा. आपल्या जुन्या घटका-प्रहरांसारखाच हिशेब आहे, सूर्य उगवल्यापासून मोजायचं. पहिल्या खेपेला मी टांगाच्या स्टँडवर ऐटीत स्वाहिलीत विचारलं, रविवारी लुशोटोची शेवटची गाडी किती वाजता? "सा नाने." नाने म्हणजे आठ, एवढं मला येत होतं. रात्री आठ, वा! मी रविवारी चार वाजता आरामात टांगात पोचले आणि गाडी दुपारी दोनलाच गेलेली. सहा अधिक आठ. सोमवारी अकराला रोपवाटिकेत पोचले तेव्हा कोणी काही बोललं नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. युक्ती अशी की घड्याळात त्या आकड्याच्या बरोबर समोरचा आकडा बघायचा: आठच्या समोर दोन, तीनच्या समोर नऊ. तरीही शंका असेल तर मनगटावरचं घड्याळ पुढे करा आणि म्हणा, काट्यावर बोट ठेवून दाखवा. गाड्यांच्या वेळा बदलतात, म्हणून मी माझ्या वेळा इथे देत नाही. शनिवारी सकाळी टांगा सोडण्याआधी रविवारची परतीची गाडी विचारून घेणं, हे पहिलं काम.

कंडक्टरला 'कोंडा' म्हणतात. उतरायचं असेल तर "शुशा!" असं ओरडायचं. लाजून हळू म्हटलंत तर पुढच्या गावात उतराल. मोठ्या वयाच्या माणसाशेजारी बसलात तर आधी "शिकामो" म्हणा. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरते' असा सांगतात, उत्तर येतं "मराहाबा". आपल्याला हे शिकवावं लागत नाही. मी एकदा एका आजीला शिकामो म्हणताना सवयीने वाकलेही. तिने मला पूर्ण प्रवासभर भाजलेली कसावा खायला घातली.

पंगानी हे नदीच्या मुखावरचं जुनं गाव. नक्षीदार लाकडी दारं, पडक्या भिंती, मशिदी. हस्तिदंत आणि गुलामांच्या व्यापारावर ते वाढलं. १८८८ साली इथूनच अबुशिरी बिन सलीमने किनारा ताब्यात घेऊ पाहणाऱ्या जर्मनांविरुद्ध उठाव केला आणि १८८९ च्या डिसेंबरात त्याला इथेच फाशी दिलं. तरीची वाट बघताना या गल्ल्यांतून एक चक्कर मारा. गाव मुस्लिम वस्तीचं आहे, गुडघे-खांदे झाका. कांगा याच कामाला. रमजान असेल तर दिवसा रस्त्यात खाऊ-पिऊ नका. नदीत मात्र हात-पायसुद्धा घालू नका. मगरी आहेत, आणि गोड्या पाण्यात बिलहार्झियाच्या जंतांची भीती. नदीच्या मुखाशी समुद्रातही पोहू नका, पाणी गढूळ असतं आणि ओढ जबरदस्त.

तरीने पलीकडे बवेनीला उतरायचं. तिथून उशोंगो पंधराएक किलोमीटर, बोडाबोडाने म्हणजे मोटारसायकलच्या मागे बसून. बसण्याआधी भाडं ठरवा, हेल्मेट मागा आणि "पोले पोले" म्हणा, म्हणजे हळूहळू. पाऊस पडून गेला असेल तर हे शब्द दोनदा म्हणा.

उशोंगोला नारळीची रांग, लहान-मोठ्या झोपड्यांच्या खोल्या, पुढे पांढरी वाळू. खोली आगाऊ ठरवावी लागत नाही, फक्त डिसेंबरची सुट्टी आणि ईद सोडून. मी तंबू नेत नव्हते. किनाऱ्यावर मागच्या अंगणातली साधी खोली विचारली की मिळायची.

आता भरती-ओहोटी. माझी दुसरी खेप फसली ती इथे, आणि तीही कोकणी शहाणपणामुळे. आजोबांनी आम्हाला लहानपणी शिकवलेलं गणित: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, अष्टमीला सहाला. मी पौर्णिमेचा शनिवार बघून गेले, म्हणजे दुपारी बाराला समुद्र पायाशी. साडेदहाला उशोंगोच्या वाळूवर उभी राहिले तर समुद्रच नाही! जिकडे बघावं तिकडे ओली वाळू, शेवाळ, डबकी, आणि लांबवर बायका काठीने खडकांत ऑक्टोपस शोधताहेत. उधाणाच्या दिवसांत तिथे भरती-ओहोटीत दहा-बारा फुटांचा फरक पडतो आणि किनारा उथळ, त्यामुळे पाणी भलतंच लांब जातं.

आजोबांचं गणित चुकलं नव्हतं, ते कोकणापुरतं होतं. चंद्र डोक्यावर आल्यानंतर भरती किती वेळाने येते हे प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. टांगा-पंगानीच्या बाजूला पौर्णिमा-अमावास्येची भरती चार-साडेचारच्या आसपास येते आणि ओहोटी दहा-साडेदहाला. रोज पाऊण-एक तास पुढे सरकणं मात्र सगळीकडे सारखंच. म्हणून माझं सुधारलेलं सूत्र: तिथीची पाऊणपट, अधिक चार. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भिंतीवर कालनिर्णय होतंच, आईने पाठवलेलं. अंदाजासाठी हे पुरतं. होडीने जाणार असाल तर होडीवाल्याला विचारा, त्याला सूत्र लागत नाही.

यावरून दिवस कसा आखायचा? पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे गेलात तर सकाळ बेटासाठी, पोहणं तीननंतर. अष्टमीच्या आसपास गेलात तर उलट: सकाळी नऊ ते अकरा पोहा, दुपारी झोपा, चारला ओहोटीच्या वाळूवर फिरा.

बेट म्हणजे माझिवे. किनाऱ्यापासून होडीने तासाभराच्या आत पोचणारा वाळूचा पट्टा, १९७५ पासून राखीव. पूर्वी त्यावर सुरूची झाडं होती. ती गेली, वाळू वाहून गेली आणि आता भरतीला पूर्ण बेटच पाण्याखाली जातं. कासवं अजून तिथे येऊन अंडी घालतात, म्हणून ती अंडी उचलून उशोंगोच्या किनाऱ्यावर पुरतात. आपल्याकडे वेळासला कासवांची घरटी राखतात, ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे लगेच कळेल. बेटाभोवती पोवळ्यांचे खडक आहेत, मासे असे की मत्स्यालयातले फिके पडावेत. राखीव भागाचं शुल्क वेगळं द्यावं लागतं, परदेशी माणसाला जास्त. होडीभाडं ठरवताना ते धरून आहे की वेगळं, हे स्पष्ट विचारा. एकट्याने होडी करणं महाग पडतं. शनिवारी सकाळी किनाऱ्यावर हिंडून आणखी तिघं-चौघं जमवा.

होडी दोन जातींची. 'न्गालावा' म्हणजे झाडाच्या खोडाची, दोन्ही बाजूंना उलांडी (तोल राखणारा लाकडी आधार) असलेली. आमच्याकडे उलांडी एका बाजूला असते, त्यामुळे मी पहिल्यांदा बसले तेव्हा मला ती खेकड्यासारखी वाटली. जवळपास फिरायला ती छान, पण माझिवेला इंजिनाचीच होडी घ्या. लाइफ जॅकेट डोळ्यांनी बघा, अंगात घाला. 'आहे, आहे' म्हणणाऱ्याकडे ते बहुतेक वेळा त्याच्या भावाच्या घरी असतं. एप्रिल ते सप्टेंबर दक्षिणेकडून 'कुसी' वारा असतो, दुपारनंतर समुद्र खवळतो. त्या महिन्यांत होडीतून बाराच्या आत परत या. डिसेंबर ते मार्च 'कास्काझी', तेव्हा पाणी जास्त निवांत. मार्च अखेर ते मे मोठा पाऊस, तेव्हा जाऊच नका, रस्त्यातच अडकाल.

ओहोटीत चालताना सँडल काढू नका. काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर (सी-अर्चिन) डबक्यांत बसलेले असतात. काटा रुतला तर ओरबाडू नका, तो आत तुटतो. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा तास ठेवला की ठणका उतरतो. तिथले लोक कच्च्या पपईचा चीक लावतात; मला लावला होता, दुसऱ्या दिवशी काटे सुटले, श्रेय पाण्याला की पपईला ते ठाऊक नाही.

खाण्याचं फार सांगत नाही, उपाशी राहणार नाही. नारळाच्या दुधातला भात, तळलेला मासा, 'काचुंबारी' (चवही नावासारखीच), शहाळं, ज्याला 'मादाफू' म्हणतात. टांगाच्या स्टँडवर सकाळी 'विटुंबुआ' मिळतात: तांदूळ, नारळ, वेलची, आणि आप्पेपात्रासारखंच भांडं. गरम असताना घ्या. संध्याकाळचं जेवण किनाऱ्यावर हवं असेल तर दुपारीच सांगून ठेवा. ऑर्डर दिल्यानंतर मासा आणायला माणूस निघतो, असं माझ्या बाबतीत दोनदा झालं.

रविवारी उशोंगो सकाळी सातला सोडा. शेवटची डुबकी राहू द्या. बोडाबोडावाल्याचा नंबर आदल्या दिवशीच घेऊन ठेवा आणि त्याला 'सा मोजा' सांगा, सात नव्हे, नाहीतर तो दुपारी एकला येईल. तरीला गर्दी असते, पंगानीहून टांगाची बस भरायला वेळ लागतो, टांगात पुढची गाडी. थेट लुशोटोची मिळाली तर उत्तम, नाहीतर मोम्बोला उतरून वर जाणारी गाडी उजेडात पकडायची. मोम्बोला उकडत असतं आणि अर्ध्या घाटात दात वाजायला लागतात, म्हणून स्वेटर पिशवीत सगळ्यात वर ठेवा.

घरी पोचलात की मामाला आधी तोंड दाखवा, टांगाहून आणलेला नारळ द्या, मग गोळी घ्या. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर 'थकवा असेल' म्हणून पडून राहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन बोटातलं रक्त तपासून घ्या. आणि किनाऱ्यावर जाऊन आलात हे तिथे सांगा.